करण्याआधी दाखवणारा दवाखाना

सावंतवाडीत मोती तलावापासून चालत जाता येईल अशा एका दातांच्या दवाखान्यात मी समोरच्या चार दातांचं काम करून घेतलं. काम चांगलं झालं. पण मला जास्त सांगायचंय ते कामाच्या आधीचं. दाताला हात लावण्यापूर्वी, पुढे मी कसा दिसेन हे त्यांनी ज्या रीतीने दाखवलं, तसं सगळीकडे दाखवायला हवं असं मला मनापासून वाटतं. हल्ली आपल्याकडे अनेक दवाखान्यांच्या बोर्डावर ‘स्माइल डिझाइन’ लिहिलेलं असतं आणि त्या नावाखाली प्रत्येक ठिकाणी काहीतरी वेगळंच मिळतं. दवाखान्याचं नाव मी देत नाही, कारण जाहिरात नको अशी तिथल्या डॉक्टर मॅडमचीच विनंती आहे.

माझा कुडाळात फोटो स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, पासपोर्ट, जे येईल ते. दिवसभर लोकांचे चेहरे स्क्रीनवर मोठे करून बघायचे, नवरीच्या गालावरची पुटकुळी पुसायची, नवरदेवाचे दात एक छटा उजळ करायचे, हा माझा धंदा. त्यामुळे ‘कॉम्प्युटरवर करून दाखवतो’ असं कोणी म्हणालं की ते कसं करतात हे मला ठाऊक असतं.

माझा वरचा डावा पटाशीचा दात शाळेत असताना विहिरीच्या चिऱ्याच्या पायरीवर आपटला होता. पुढे तो मेला, रूट कॅनाल झालं आणि वर्षागणिक दात राखाडी होत गेला. त्यात दोन पटाशीच्या दातांमध्ये फट, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे दात जन्मापासून बारके, टोकाकडे निमुळते. दुखत काहीच नव्हतं. चांगलं दिसावं एवढीच इच्छा होती आणि ती असण्यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही.

पहिल्यांदा मी दुसऱ्याच एका ठिकाणी गेलो होतो. तिथे खुर्चीत बसल्या बसल्या मोबाइलवर माझा फोटो काढला, कसल्याशा ॲपमध्ये टाकला आणि दोन मिनिटांत माझ्या ओठांमध्ये दहा पांढरेफेक दात आले. बायको एकदम खूश. घरी आईने मोबाइल हातात घेतला, चष्मा वर केला, नीट बघितलं आणि म्हणाली, “ह्यो माझो झील नाय.” म्हणजे, हा माझा मुलगा नाही.

तिचं बरोबर होतं आणि का बरोबर होतं ते मला दिसत होतं. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा म्हणजे वाइड लेन्स. ती हातभर अंतरावरून चेहऱ्यावर धरली की नाक आणि समोरचे दात आहेत त्याहून मोठे येतात, कान मागे जातात. मुळात मापच चुकलेला फोटो आणि त्यावर कुठल्या तरी साच्यातले दात चिकटवलेले. ओठ माझे जुनेच. दात लांब-जाड झाले तर वरचा ओठ थोडा पुढे येणार, हसू बदलणार, यातलं त्या चित्रात काहीच नव्हतं. आणि खरी गोम अशी की फोटोत दात हवा तसा बारीक करता येतो, तोंडात करायचा तर घासावा लागतो. दातावरचं एनॅमल हिरडीजवळ अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमीच असतं. ते एकदा गेलं की पुन्हा येत नाही. “या फोटोतल्यासारखे व्हायला किती घासावं लागेल?” असं मी विचारलं, तर उत्तर मिळालं, “थोडंसं.” दहा व्हेनियर्सचे, म्हणजे दातांवर चिकटवायच्या पातळ कवचांचे, सव्वा लाख सांगितले. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि परत गेलो नाही.

सावंतवाडीचा दवाखाना कळला तो एका लग्नातल्या मेकअपवाल्या ताईंकडून. आषाढ लागला की आमच्याकडे लग्नं थांबतात, मला उसंत मिळते. तेव्हाच गेलो.

पहिल्या भेटीत उपचाराचा विषयच निघाला नाही, नुसते फोटो काढले. पण कसे काढले! कॅमेरा डीएसएलआर, लेन्स १०० मिलिमीटरची मॅक्रो, पुढे रिंग फ्लॅश. चेहरा सरळ, ओठ मिटलेले. मग सैल सोडलेले. मग पूर्ण हसताना. मग दोन्ही बाजूंनी. त्यानंतर गाल-ओठ ओढून धरणारी प्लास्टिकची चौकट लावून आणि दातांमागे काळी पट्टी धरून नुसत्या दातांचे. शेवटी एक व्हिडिओ, मला माझ्या धंद्याबद्दल बोलायला लावून. व्हिडिओ कशाला, तर कॅमेऱ्यासमोर माणूस ठरवून हसतो. बोलता बोलता हसतो तेव्हा ओठ खरा किती वर जातो ते कळतं. लग्नात मीसुद्धा हेच करतो, म्हणून मला फार पटलं.

दाताची छटा मात्र सगळ्यात आधी बघितली, मी तोंड उघडून बसण्यापूर्वीच. तोंड काही मिनिटं उघडं राहिलं की दात सुकतो आणि आहे त्याहून पांढरा दिसायला लागतो. लाळेने भिजला की परत मूळ रंगावर येतो. सुकलेल्या दातावरून छटा ठरवली तर नवीन काम नंतर जास्त पांढरं दिसणार. छटांची पट्टी असते, सोळा नकली दातांची. ए म्हणजे तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळा, सी राखाडीकडे झुकणारा, डी तांबूस-राखाडी. तिच्यातला ए२ माझ्या चांगल्या दाताच्या टोकाला टोक लावून धरला, फोटोही तसाच घेतला आणि मग फ्लॅशची चकाकी मारणारा पोलरायझिंग फिल्टर लावून आणखी एक. चकाकी गेल्यावर दाताच्या आतला रंग दिसतो: टोकाला निळसर पारदर्शक, मध्ये दुधाळ, हिरडीकडे पिवळट. आपला नैसर्गिक दात कधीच एका रंगाचा नसतो. तो फोटो बघितल्यावर मला ॲपमधले दात खोटे का वाटले होते ते नेमकं समजलं.

इथे माझी पहिली तक्रार. त्यांच्याकडे ग्रे कार्ड, म्हणजे फोटोतले रंग जुळवायला वापरतात तो ठरावीक राखाडी पुठ्ठा, नव्हतं. खोलीत एकीकडे पांढरी ट्यूब, दुसरीकडे पिवळा दिवा, खिडकीतून पावसाळी आभाळाचा निळसर उजेड. अशा उजेडात छटेचा फोटो काढायचा तर रंगाला आधार हवाच. माझ्या बॅगेत कार्ड होतं, मी ते दिलं. मॅडमनी लगेच वापरलं आणि पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी स्वतःचं मागवलेलं होतं. ज्या मोठ्या टीव्हीवर त्या पेशंटला डिझाइन दाखवतात त्याचा रंग मात्र अजून निळाच आहे. त्यावर कोणाचेही दात आहेत त्यापेक्षा गोरे दिसतात. मी सांगितलंय, त्यांनी करून घ्यावं.

फोटोनंतर तोंडाचं स्कॅनिंग. जाडजूड पेनासारखी कांडी दातांवरून फिरवत जायची. ती भराभर प्रतिमा घेते आणि समोर स्क्रीनवर माझा जबडा तुकड्यातुकड्यांनी तयार होतो. पूर्वी ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरून तोंडात कोंबायचे आणि उलटी दाबून धरायची, ते गेलं. तोंडात कॅमेरा घालून दाताचं माप घ्यायची ही कल्पना तशी जुनी. झुरिकच्या विद्यापीठात १९८५ मध्येच तसं यंत्र पेशंटवर वापरलं होतं. आपल्याकडे तालुक्याच्या गावात ते बघायला मिळालं याचं मला कौतुक वाटलं.

मग डिझाइन. ही पद्धत ब्राझीलचे दंतवैद्य ख्रिश्चन कोचमन यांनी जगभर पोचवली, असं मॅडमनी सांगितलं. माझ्या फोटोवर त्यांनी आधी दोन रेषा ओढल्या. एक डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्यांमधून आडवी, दुसरी भुवयांच्या मधून ओठावरच्या खळीकडे उभी. दातांची मधली रेष या उभ्या रेषेवर येते का, दातांच्या टोकांची ओळ आडव्या रेषेशी समांतर आहे का, आणि ती ओळ खालच्या ओठाच्या वळणाबरोबर जाते का, एवढं बघून मग दात आखायचे. फोटोतलं माप खऱ्या मापाशी जुळवण्यासाठी स्कॅनमधली पटाशीच्या दाताची रुंदी घेतली. माझा एक खांदा वर असतो आणि मान किंचित कललेली, हे मला वर्षानुवर्षं माहीत आहे. तरी दातांची ओळही त्याच बाजूला झुकलीय हे त्या रेषांमुळे पहिल्यांदा दिसलं.

स्क्रीनवर मी फट पूर्ण बंद केलेलं डिझाइन निवडलं. छानच दिसत होतं. मॅडम म्हणाल्या, “हे तोंडात बघू, मग ठरवू.” त्या ‘तोंडात बघू’साठी मी या दवाखान्याला पैकीच्या पैकी देतो.

ठरलेल्या डिझाइनचं मॉडेल बेळगावच्या लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापून येतं. फाइल सेकंदात पोचते, पण मॉडेल आंबोली घाटातूनच यायचं. भर पावसात ते उशिरा आलं आणि माझी एक खेप फुकट गेली. निदान एक फोन करायला हवा होता. आल्यावर त्या मॉडेलवरून सिलिकॉनचा साचा करतात. साच्यात दाताच्या रंगाची पेस्ट पिचकारीने भरतात आणि तो माझ्या दातांवर, आहेत तशा दातांवर, दाबून धरतात. घासणं नाही, इंजेक्शन नाही. काही मिनिटांत पेस्ट घट्ट होते. होताना किंचित गरम लागते आणि औषधी वास येतो. साचा काढला की नवे दात माझ्या तोंडात.

हातात आरसा दिलाच नाही. बेसिनवरच्या मोठ्या आरशासमोर उभं केलं, चार पावलं मागे. हातातल्या आरशात माणूस एकेक दात तपासत बसतो, समोरचा माणूस मात्र आपला अख्खा चेहरा बघतो, हे त्यामागचं कारण. मला चेहरा दिसला आणि काहीतरी खटकलं. फट गेली होती, पण दोन्ही पटाशीचे दात चौकोनी फरशा झाले होते. मॅडमनी माप दाखवलं. साधारणपणे या दाताची रुंदी उंचीच्या पाऊण पट किंवा जरा जास्त, म्हणजे ७५ ते ८० टक्के असली की डोळ्याला बरी वाटते. सगळी फट याच दोन दातांनी भरून काढल्यामुळे माझं ते प्रमाण बरंच पुढे गेलं होतं. स्क्रीनवरही तेच आकडे होते, पण तिथे माझी नजर फट गेली यावरच अडकली होती.

त्यानंतर बोलण्याची परीक्षा. “साठपासून सत्तरपर्यंत मोजा.” एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट… प्रत्येक आकड्यात स नाहीतर ष. दात जाड किंवा लांब झाले असतील तर इथे शिट्टी वाजते. माझी वाजली नाही. मग म्हणाल्या, “तुमच्या कामाचे शब्द बोला.” मी म्हटलं, फोटो, फ्लॅश, फ्रेम, व्हिडिओ. हे म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला अलगद टेकते. माझ्या डाव्या दाताची कड अलगद टेकण्याऐवजी रुतत होती. ‘व्हिडिओ’ला तर स्पष्ट जाणवत होती. मॅडमनी बारीक चकतीने ती कड जराशी कमी केली, पुन्हा बोलायला लावलं, पुन्हा किंचित कमी केली. तिसऱ्यांदा शब्द नेहमीसारखा सुटला. अर्ध्या मिलिमीटरचासुद्धा फरक नसेल. स्क्रीनवरच्या कुठल्याही चित्रात हा फरक मला कळला नसता, आणि पक्कं काम झाल्यावर कळला असता तर रोज बोलताना टोचला असता.

फटीचं काय करायचं ते तिथेच ठरलं. मॅडमनी दोन रस्ते सांगितले: आधी अलाइनर, म्हणजे दात सरकवणारे पारदर्शक साचे, लावून दात जवळ आणायचे आणि मग बाजूचे बारके दात भरून मोठे करायचे, किंवा बारके दात भरायचे आणि मधली फट थोडी राहू द्यायची. पहिल्या रस्त्याने काम जास्त नेटकं होईल हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण त्यात कित्येक महिने जाणार, आणि तुळशीचं लग्न झालं की माझा सीझन सुरू. मी दुसरा रस्ता घेतला. नव्या डिझाइनचं मॉडेल आल्यावर पुन्हा तोंडात बसवून बघितलं आणि या वेळी ते दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवून घरी जायची परवानगी मिळाली. कडक खायचं नाही, हळदीचं कालवण आणि सोलकढी टाळायची, कारण या तात्पुरत्या दातांवर डाग लगेच बसतो. घरी आईने उजेडात नेऊन बघितलं. “आता माझो झील दिसता,” म्हणाली. स्टुडिओत मी दिव्यांखाली, दारात, ट्यूबखाली स्वतःचे फोटो काढले, कारण एकच रंग वेगवेगळ्या उजेडात वेगळा वागतो आणि माझा निम्मा दिवस स्टुडिओच्या दिव्यात जातो.

प्रत्यक्ष उपचार त्यामानाने चटकन सांगून होतो. काळ्या दाताच्या आत रंग उडवणारं औषध भरून वरून बंद करायचं, काही दिवसांनी बदलायचं, असं केलं. रंग उजळल्यावर काही काळ थांबून चारही दातांवर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरणीचं द्रव्य, थरांनी लावलं, त्याच सिलिकॉनच्या साच्याचा आधार घेऊन, त्यामुळे आकार जो बघितला होता तोच उतरला. दात घासावा लागला नाही. दहा व्हेनियर्सवरून काम चार दातांच्या भरणीवर आलं ते केवळ आधी बघायला मिळालं म्हणून.

मेलेल्या दाताच्या रंगाबाबतीत आधी बघण्याचा काही उपयोग नाही, हे मात्र समजून घ्या. मेलेला दात औषधाने किती उजळेल हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही, आणि मॅडमनी ते आधीच बजावलं होतं. माझा दात हिरडीजवळ अजून शेजाऱ्यापेक्षा किंचित गडद आहे. मोठं हसलो तर मला दिसतो, बायकोला दिसत नाही. पुढे रंग थोडा परत येऊ शकतो हेही सांगितलंय. कॉम्पोझिटचं आयुष्य सिरॅमिकच्या व्हेनियर्सपेक्षा कमी. चहा-हळदीने ते मळतं, मधून मधून पॉलिश लागतं, कधी कपचा उडतो. फायदा असा की तुटला तुकडा तिथल्या तिथे भरता येतो.

आणखी एक मर्यादा. ज्यांचे दात पुढे आहेत किंवा जाडे आहेत, त्यांना तोंडात बसवून बघायचा हा प्रकार फसवा वाटेल, कारण आहे त्या दातावर भर टाकूनच तो होतो. कमी करून दाखवता येत नाही. मॅडमकडे माझ्यासमोर एक मुलगी आली होती, तिचे दात पुढे होते. तिला त्यांनी स्कॅनवर दात मागे सरकवून दाखवले आणि तोंडात बसवायचं टाळलं, कारण ते जाड दिसून ती घाबरली असती.

खर्च. फोटो, स्कॅन, डिझाइन आणि तोंडात बसवून बघणं याचे मिळून ५,००० रुपये घेतले. काम तिथेच केलं तर ते बिलातून वजा होतात, नाही केलं तर जातात. मला हे योग्य वाटतं. फुकट दाखवणाऱ्याला पुढे काम विकायचंच असतं. माझं सगळं बिल २८,५०० रुपये झालं.

दातांची जाहिरात बघताना एक गोष्ट फोटोवाला म्हणून सांगतो. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो शेजारी ठेवा आणि आधी दात बघू नका, उजेड बघा. आधीचा फोटो पिवळ्या दिव्यात, ओठ सुकलेले, चेहरा पडलेला. नंतरचा फ्लॅशमध्ये, लिपस्टिक लावून, मान तिरकी करून. असं असेल तर त्या फोटोंवरून दातांबद्दल काहीच सिद्ध होत नाही. एकच कॅमेरा, एकच अंतर, एकच उजेड आणि शक्यतो शेजारी छटेची पट्टी असेल तरच तुलना खरी. या दवाखान्यात मला आधीच विचारलं होतं की तुमचे फोटो इतर पेशंटना दाखवले तर चालतील का. मी नुसत्या दातांच्या फोटोंना हो म्हटलं, चेहऱ्याच्या फोटोंना नाही, आणि तसं कागदावर लिहून घेतलं.

जाणार असाल तर बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी जा. शनिवारी गोव्याहून पेशंट येतात आणि वेळ दिलेली असूनही तासभर बसावं लागतं. बाकांवर पाठ टेकायला जागा नाही, वयस्कर माणसाला न्यायचं असेल तर हे लक्षात ठेवा. मॅडम मालवणीत बोलतात, घाई करत नाहीत, आणि “घासायला किती लागेल?” या प्रश्नाला मिलिमीटरमध्ये उत्तर देतात. काम संपल्यावर स्कॅनची फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या. मागितली तर देतात, आपणहून देत नाहीत. उद्या कपचा उडाला आणि तेव्हा तुम्ही मुंबईत असलात, तर तिथला डॉक्टर त्याच फाइलवरून तोच आकार परत करू शकेल.